ओढ्याच्या मध्यावर

पस्तीस वर्षं फळ्यावर सोळाशे अठ्ठेचाळीस हा आकडा लिहिला,
सांगलीच्या कॉलेजात, दुपारच्या तासाला,
मागच्या बाकांवरून लोणच्याचा वास येत असताना.
सांगायचो : तह झाला जर्मन मुलखातल्या दोन गावांत,
कारण एकाच गावात समोरासमोर बसायला
दोन्ही पंथांचे वकील राजी नव्हते.
तीस वर्षं माणसं कापून झाल्यावरही
दारातून आधी कोण शिरणार, यावर वाद.
मग ठरलं, निदान आम्ही तसं शिकवतो,
की ज्याच्या घरात त्याचा हुकूम, शेजाऱ्यानं डोकावू नये.
मुलं लिहून घेत. सार्वभौमत्वातला एखादा रफार गाळत.

एक मात्र सांगत नसे, अभ्यासक्रमात नव्हतं :
त्या तहाच्या कागदांत हे तत्त्व असं सरळ लिहिलेलं नाही.
पुढच्यांनी ते मागं नेऊन ठेवलं,
नव्या श्रीमंताला जुनी वंशावळ सापडते, तसं.

निवृत्तीनंतर तासगावच्या अलीकडे, गोंधळ्या ओढ्यावर
हद्दीचा दगड बघायला गेलो.
या काठाला संस्थान, त्या काठाला खालसा.
दगड जागेवर नव्हता.
जैबून शिकलगार यांच्या न्हाणीत होता, अक्षरं वर.
"टाचा घासायला बरा पडतो," म्हणाल्या,
आणि चहा टाकला.

त्यांचे आजेसासरे बाबालाल, नाक्यावरचे शिपाई.
पगार सात रुपये, एक काठी,
पट्ट्याच्या बिल्ल्यावर सोंड झिजलेला गणपती.
बेचाळीसच्या दसऱ्याआधी तारा तोडणारा एक पोरगा
ओढा ओलांडून संस्थानच्या ज्वारीत शिरला.
मागोमाग खालशाचा फौजदार, घोड्यावर, बारा बंदुका घेऊन.
बाबालाल पाण्यात उतरले. गुडघाभर.
"सायेब, कागद हाय का?"
"कसला कागद?"
"हिकडं याचा."
घोड्यानं मध्यावरच मान खाली घातली, पाणी प्यायला लागला,
तोंड संस्थानात, शेपूट खालशात.
बारा बंदुका, एक काठी,
आणि एक नसलेला कागद.
फौजदार बराच वेळ घोड्याचं पाणी पिऊन व्हायची वाट बघत राहिला,
मग वळला.

कागद चौथ्या दिवशी आला, दरबारच्याच शिक्क्याचा.
वरून कुणीतरी डोळे वटारले असणार.
पोरगा तोवर पुढच्या संस्थानात.

"हेच तर!" मी मांडीवर थाप मारली,
मास्तरकी अंगातून जात नाही.
"हेच मी पस्तीस वर्षं..."
जैबूनबाईंनी माझा रिकामा कप उचलला.
"थांबा सर. अजून हाय."

पलीकडच्या काठाला पहिलंच घर केराबाईचं.
नवरा पिऊन आला की आवाज यायचा.
बाबालाल पाण्यापर्यंत जायचे. तिथं थांबायचे.
एका उन्हाळ्यात ती पळत काठावर आली,
कपाळ फुटलेलं, पलीकडूनच म्हणाली,
"बाबालालभाऊ, ये रं."
काठी हातात होती. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं.
हे म्हणाले, "तुझ्या पोलीसपाटलाला सांग, बाई.
ती हद्द माझी न्हाई."

फौजदाराची गोष्ट साऱ्या गावाला सांगायचे, लग्नाकार्यात, उरुसात,
घोड्याची नक्कल करून.
ही फक्त नातसुनेला, शेवटच्या आजारात, दोनदा.
दुसऱ्या खेपेला भिंतीकडं तोंड करून विचारलं,
"त्या दिवशी मला कुणी कागद मागितला आस्ता का गं?"

केराबाईचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
वही मिटली.

निघताना पाय धुवायला न्हाणीत गेलो.
दगडावर 'सं' तेवढा उरलाय,
बाकीचं संस्थान टाचांनी नेलं.
त्यावर पाय ठेवायला धजलो नाही,
शेजारी, ओल्या फरशीवर, कसाबसा तोल सांभाळून धुतले.
पाणी दगडाला वळसा घालून
मोरीतून खाली गेलं, ओढ्याकडं.